तीन सायलेन्सर आणि एक नवरा

माझं लग्न ठरायला चाळीस मिनिटं लागली होती. माझ्या नवऱ्याच्या गाडीचा सायलेन्सर ठरायला सात महिने लागले.

(त्या चाळीस मिनिटांतली दहा मिनिटं लाइट गेले होते, म्हणजे प्रत्यक्ष बघाबघी अर्धा तासच.)

माझा नवरा मिलिंद ब्रिटनमधल्या कार्डिफच्या कौन्सिलमध्ये रस्ते खात्यात आहे. लोकांनी गाड्या हळू चालवाव्यात म्हणून गावभर स्पीड हम्प आखणं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. अशा माणसाने छप्पन्नाव्या वर्षी सत्तरच्या दशकातली अमेरिकन मसल कार घेतली! मसल कार म्हणजे काय, हे मलाही ती दारात उभी राहिल्यावरच कळलं. पुढे जहाजाएवढं बॉनेट, त्यात आठ सिलिंडरचं इंजिन, आणि मागे ‘अरेच्चा, माणसं कुठे बसवायची?’ असं शेवटी आठवून केलेली सोय. रंग जुन्या सोफ्याचा. शिवाय गाडी अमेरिकन, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे या देशात ड्रायव्हर बसतो त्या जागी मी बसते. कार पार्कच्या मशीनमधून तिकीट काढणं माझ्याकडे, आणि समोरून येणाऱ्यांचे घाबरलेले चेहरेही माझ्याच वाट्याला. कारण त्यांना दिसतं ते एवढंच, की या प्रचंड गाडीची ड्रायव्हर बाई दोन्ही हात पर्समध्ये घालून काहीतरी शोधते आहे.

मी इथल्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये ऑडिओलॉजिस्ट आहे. बावीस वर्षं लोकांचे कान तपासते. सासूबाई सांगलीकडे सगळ्यांना सांगतात, “सून कानाची डॉक्टर आहे.” मी डॉक्टर नाही, हे त्यांना सांगायचं तर त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगावं लागतं, आणि मग ते सगळ्या आळीला कळतं. म्हणून मी डॉक्टरच राहिले आहे.

सासऱ्यांची पिठाची गिरणी होती. डिझेल इंजिनवरची. छपरातून बाहेर काढलेला एक पाइप दिवसभर पुक-पुक करायचा. मिलिंदने अभ्यास केला तो त्या इंजिनच्या शेजारी, ज्वारीच्या पोत्यांवर बसून. सासूबाई तीस वर्षं तिथेच काट्यावर दळण मोजत बसल्या. गिरणीचा आवाज शाळेपर्यंत जायचा म्हणे. “आवाज थांबला की वर्गात बसून मला कळायचं, बाबा जेवायला गेले,” असं मिलिंद अजून सांगतो. त्यामुळे या गाडीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि माझा शांत, हिशेबी नवरा डोळे मिटून उभा राहिला, तेव्हा मी फारसं काही बोलले नाही. म्हटलं, ज्याची त्याची बासरी.

जानेवारीत आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला निघालो होतो. म्हणजे मी हळदीकुंकवाला आणि मिलिंद गाडी मिरवायला. चर्चच्या हॉलच्या अलीकडे एक स्पीड हम्प आहे. गाडीचं नाक त्याच्यावरून गेलं, पोट गेलं, आणि शेपटाकडून ‘खडाड्!’ असा आवाज आला. पाठोपाठ रणगाडा आल्यासारखी गर्जना. गंजून गंजून सायलेन्सरचा मागचा अर्धा भाग रस्त्यावर पडला होता.

“हा हम्प कोणी आखला रे?” मी ओरडून विचारलं.

“मीच,” मिलिंद म्हणाला. (हा प्रश्न त्याला बरा ऐकू आला!)

पाइप थंड होईपर्यंत आम्ही पावसात उभे राहिलो. मग मी तो रिसायकलिंगच्या पिशवीत गुंडाळला, पैठणीवर आडवा घेतला, आणि त्याच्यावर वाणाच्या तीस स्टीलच्या डब्या ठेवून मंडळात पोचले. गर्जना ऐकून बायका दारात आल्याच होत्या. एक जण म्हणाली, “मेधाताई, यंदा वाण चांगलंच दणदणीत आणलंय!”

तिथून सायलेन्सर निवडण्याला सुरुवात झाली.

मला वाटलं होतं, दुकानात जायचं, ‘एक सायलेन्सर द्या’ म्हणायचं. तसं नसतं. जुन्यासारखाच साध्या लोखंडाचा घ्यायचा की स्टेनलेसचा? एक पाइप की दोन? दोन, तर ते मध्ये एकमेकांना जोडायचे की नाहीत? डबा मोठा की छोटा, की धूर सरळ निघून जाईल असा, ज्यात आवाज अडवायचा कोणी फारसा प्रयत्नच केलेला नसतो? मिलिंदने गॅरेथ नावाचा एक सायलेन्सर बसवणारा गाठला आणि एक तक्ता केला. इंटरनेटवरून आवाज जमवले. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात पन्नास वर्षांपूर्वीच्या गाड्या घरघरायला लागल्या.

“हा बघ,” तो म्हणायचा. “आणि आता हा.”

“हा जास्त कर्कश आहे.”

“सारखेच आहेत गं. सगळे मिळमिळीत!” आणि तो आवाज आणखी वाढवायचा.

आता मी पडले आवाजाच्या दुष्परिणामांची पगारी प्रचारक. घरात आवाज मोजायचा माझा स्वतःचा मीटर आहे. (लोकांकडे वजनकाटा असतो, आमच्याकडे हे.) मी तो ओट्यावर मिक्सरच्या शेजारी उभा केला आणि जाहीर केलं, की या घरात सायलेन्सर येईल तर तो शास्त्रीय पद्धतीने, सर्वांत कमी आवाजाचा येईल. आमची मुलगी ईशा ब्रिस्टलला विमानाच्या भागांच्या कंपनीत काम करते. ती फोनवर म्हणाली, “आई, तू बाबाला त्याचा चॉइस करू दे ना. गाडी बाबाचा आहे.”

“गाडी बाबाची.”

“हां, तेच. बाबाची गाडी, बाबाची एक्झॉस्ट.”

“बाबाचा एक्झॉस्ट.”

“आई! तुला एक्झॉस्टवर ओपिनियन आहे की ग्रामरवर?”

मला दोन्हींवर होतं. आणि माझी सगळी ओपिनियन्स मी मिलिंदला सविस्तर ऐकवत होते. तो मात्र सायलेन्सरमध्ये इतका बुडाला होता, की माझ्या बोलण्याला भलतीच उत्तरं यायची. मी विचारलं, “चहा?” तो घड्याळाकडे बघून म्हणाला, “नाही अजून, पावणेदहाच झालेत.” काकडी आणायला सांगितली, तर पापडीचं पाकीट घेऊन आला. आमच्या रोजच्या छोट्या गाडीत त्याने एकदा डावीकडे वळायचा इंडिकेटर लावला आणि तो थेट न्यूपोर्टपर्यंत टिकटिकत ठेवला. मी चिडून गप्प बसले, कधीतरी त्याचं त्याला सुचतंय का ते बघत. सुचलं नाही. नवऱ्यांचं असं असतं, असं मी धरून चालले होते. माझ्या मैत्रिणींचंही तेच मत होतं. किंबहुना आमच्या मैत्रीचा पायाच तो होता.

मार्चमधल्या एका रविवारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्या सांगलीला माझ्या दिरांकडे असतात. मिलिंद बाहेर गाडीखाली होता, म्हणून मी फोन घेतला.

“मिलिंद कुठाय?”

“आई, त्याचा सायलेन्सर गेलाय ना! त्याच्यातच अडकलाय तो.”

त्यांचा चेहरा एकदम बदलला. “काय झालंय?”

“सायलेन्सर! जुनाच होता, आतून पार सडला होता. पण बदलता येतो, काळजी करू नका.”

त्यांनी फोन उलटा ठेवला. मला सांगलीचं छत दिसलं, मग फोन बंद झाला. म्हटलं, नेटवर्क गेलं असेल.

पाऊण तासाने नाशिकहून माझ्या नणंदेचा, सुनीताचा, मिलिंदला फोन आला. तो बागेत होता. फोन स्पीकरवर होता. हल्ली तो फोन नेहमी स्पीकरवरच घ्यायचा. हात ग्रीसचे असतात म्हणून, असं मला वाटायचं. मी खिडकीत भांडी पुसत होते.

“दादा!” एवढं म्हणून सुनीता रडायलाच लागली.

“अगं बोल ना. मोठ्यांदा बोल.”

“कधी कळलं तुला?”

“जानेवारीत. हळदीकुंकवाला जाताना मागचा भाग गळूनच पडला.”

तिकडे बहुतेक भांडं पडलं. “गळून… पडला?”

“मेधाने मांडीवर धरून आणला.”

“अगं आई गं! मग आता?”

“आता काय, गॅरेथ म्हणतो, सडलेलं सगळं कापून काढू आणि स्टीलच्या दोन नळ्या टाकू. रोजचं काम आहे त्याचं.”

“पण नंतर नीट होशील ना रे तू?”

“मस्त होईल! फक्त आवाज पार बदलेल म्हणाला. घुमायला लागेल.”

“घशाचा आहे हो, घशाचा!” असं सुनीता रडत कुणाला तरी सांगत होती, ते स्पीकरवर स्पष्ट ऐकू आलं. म्हणजे मला आलं. मिलिंद उत्साहाने सांगत होता, “उन्हाळ्यापर्यंत होऊन जाईल बघ. मग तू ये, आपण लांब फिरायला जाऊ!”

मी ओल्या हाताने धावत जाऊन फोन घेतला. तोवर सांगलीत देव पाण्यात बसले होते, पुण्याच्या आत्यांनी गव्हांकुराच्या रसाची कृती पाठवली होती, आणि दिरांनी इकडच्या व्हिसाची चौकशी सुरू केली होती. सगळ्यांना फोन करून ‘कॅन्सर नाही, सायलेन्सर’ हे समजावता समजावता माझा घसा बसला. आत्यांना शेवटपर्यंत खात्री पटली नाही. “मेधा, तुझाही आवाज बसलाय गं,” असं त्या काळजीने म्हणाल्या, आणि रसाची कृती पुन्हा पाठवली.

संध्याकाळी मी मिलिंदला समोर बसवून समजावलं. “हे बघ, आईंना आता कानाचं मशीन घ्यायलाच लाव. गिरणीच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत. यात आधी बारीक आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’. माणसाला बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही. मग माणसं अंदाजाने उत्तरं देतात, घरच्यांना वाटतं हट्टीपणा आहे. घरच्यांनीच ओळखायला हवं. कळतंय ना तुला?”

“चालेल,” मिलिंद म्हणाला. “अर्धाच कप दे.”

मी तरातरा आत गेले आणि अर्धा कप चहा केला. हे मी आज लिहिते आहे, माझं मलाच वाचवत नाही. पण झालं ते असंच झालं.

मेमध्ये गॅरेथने आम्हाला वर्कशॉपवर बोलावलं. बॅरीच्या रस्त्यावर त्याची छोटी शेड आहे. गॅरेथ साठीचा, ठेंगणा, भर उन्हाळ्यातही कानांवर लोकरीची टोपी, आणि इथल्या रीतीप्रमाणे समोरच्या कुठल्याही बाईला सरसकट ‘लव्ह’ म्हणणारा. तो म्हणाला, “तीन डबे आहेत माझ्याकडे. एकेक क्लॅम्पने लावून दाखवतो. ऐका आणि ठरवा. म्हणजे माझीही सुटका.” ईशा मुद्दाम ब्रिस्टलहून आली होती. मी मीटर घेऊन गेले होते. ट्रायपॉडसकट.

पहिला डबा लागला. आवाज मऊ, खानदानी, जेवून वामकुक्षी घेणाऱ्या वाघासारखा. “हाच!” मी म्हटलं.

“रजईखालून आल्यासारखा वाटतोय,” मिलिंद म्हणाला.

दुसरा लागला. जरा भारदस्त, जरा खट्याळ. ईशा म्हणाली, “हा मस्त आहे, बाबा!”

“पण हा तर मघाचाच आहे ना?”

“मघाचा कसा असेल?” माझा आवाज चढला. “एवढा फरक आहे! तू लक्षच देत नाहीयेस!”

तिसरा लागला. त्याचं वर्णन मी कसं करू? पत्र्याच्या शेडवर कोणीतरी ट्रकभर चमचे ओतत होतं आणि खाली भूकंप चालू होता. ईशाने कान झाकले. पलीकडच्या अंगणातलं कुत्रं घरात पळालं. माझा मीटर नुसता लाल झाला. आणि मिलिंद? मिलिंद त्या धुरात उभा होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तो म्हणत होता, “हा! हा आला ऐकू! अगं, ही आपली गिरणी!”

मी गॅरेथला इंजिन कमी करायला लावलं आणि बोलायला उभी राहिले. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. ‘हट्ट’ हा शब्द होता. ‘शेजाऱ्यांचा विचार’ होता. ‘मी या विषयातली तज्ज्ञ आहे’ हे दोनदा होतं, एकदा मराठीत आणि एकदा गॅरेथसाठी इंग्रजीत. मिलिंद माझ्या तोंडाकडे बघत होता. अगदी टक लावून. मला वाटलं, वा, आज पहिल्यांदा नीट ऐकतोय.

माझं संपल्यावर गॅरेथ इंजिनवर वाकला. “ही टिकटिक ऐकली का? पुढच्या जोडातून थोडी हवा निसटतेय. तीही दुरुस्त करायला हवी.”

मी मान हलवली. ईशानेही हलवली. बारीक, स्पष्ट टिकटिक होती.

“कुठाय?” मिलिंदने विचारलं. त्याने कान जवळ नेला. दुसरा कान नेला. मग इंजिनवर हात ठेवून बघितलं. “मला नाही येत.”

गॅरेथने इंजिन बंद केलं. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, आणि कानामागून एक इवलंसं मशीन काढून तळहातावर धरलं.

“मी बारा वर्षं म्हणत होतो, की हल्लीच्या गाड्यांना आवाजच नाही,” तो मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं. “तुझा नवरा हट्टी नाहीये, लव्ह. पहिले दोन त्याला नीट ऐकूच आले नाहीत.”

शेडमध्ये शांतता झाली. ईशा माझ्याकडे बघायला लागली. माझा मीटर ट्रायपॉडवर उभा राहून ती शांतता प्रामाणिकपणे मोजत होता.

ईशा तिच्या गाडीने ब्रिस्टलला परत गेली. आम्ही निघालो. मिलिंदने वाटेत गाडी बॅरीच्या समुद्राकडे वळवली आणि इंजिन बंद केलं. वारा होता. पोरं बादल्या घेऊन वाळूत खेळत होती. मी त्याच्याकडे तोंड करून बसले आणि सावकाश बोलले, जशी मी रोज दहा पेशंटांशी बोलते आणि घरी एकदाही बोलले नव्हते.

“तुला माहीत होतं?”

“दोनेक वर्षं,” तो म्हणाला. “आधी वाटलं, तूच हळू बोलायला लागलीस. रागावलीस बिगावलीस की काय. मग ऑफिसातलेही सगळे हळू बोलायला लागले. एवढे सगळे एकदम कशाला रागावतील?”

“मग सांगितलं का नाहीस?”

त्याने स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला. “तू दिवसभर तेच बघतेस. संध्याकाळी दमून येतेस. म्हटलं, घरी आणखी एक पेशंट कशाला? आणि सारखं ‘काय? काय?’ म्हणायची लाज वाटते गं. मग मी विचारायचंच कमी केलं.”

आणि मीही सांगायचं कमी केलं होतं. आधी मी घरी आले की दिवसभराचं सगळं सांगायचे. नव्वदीच्या आजोबांनी मशीन लावल्यावर पहिल्यांदा स्वतःच्या बुटांची करकर ऐकली आणि ते खोलीभर चालतच राहिले, असलं काहीबाही. हळूहळू ते थांबलं. याला रस नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. एकाच टेबलावर बसून, एकाच भांड्यातली भाजी वाढून घेत, दोघांनी एकमेकांचं मौन आपापल्या परीने समजून घेतलं होतं. आणि दोघांचंही चुकलं होतं.

“त्या आजोबांची गोष्ट सांगू?” मी विचारलं.

“कुठल्या?”

मी सांगितली. तो बुटांपाशी खूप हसला. मग म्हणाला, “मला पण असंच होईल?”

आमच्याकडे स्वतःच्या घरच्यांना तपासायचं नसतं. म्हणून माझ्या हाताखालच्या रियनने त्याला तपासलं. मी बाहेर बाकावर बसले, जिथे पेशंटांच्या बायका बसतात. तिने कागद दाखवला. आलेखाची रेघ डावीकडे सपाट होती आणि उजवीकडे दरीत उतरावी तशी खाली गेली होती. जाड आवाज शाबूत, बारीक सगळे गेलेले. गिरणीत वाढलेल्या माणसाचा कान. असे आलेख मी हजारो वेळा वाचले आहेत. हा वाचताना मला चष्मा दोनदा पुसावा लागला.

मशीन यायला काही आठवडे होते. आणि या काही आठवड्यांत, माझ्यातल्या अपराधी बायकोने माझ्यातल्या ऑडिओलॉजिस्टला खोलीत कोंडून घातलं! मी गुपचूप गॅरेथला फोन केला. “तिसरा बसव.”

“तिसरा?” गॅरेथ म्हणाला. “तुझं लाल दिवेवालं यंत्र आठवतंय ना तुला?”

“तिसराच. त्याच्या वडलांची गिरणी आहे त्यात. त्याला सांगू नकोस, सरप्राइज आहे.”

मिलिंदला मी गाडी ‘टिकटिक दुरुस्त करायला’ म्हणून पाठवायला लावली. जुलैत त्याला मशीन लागलं. हॉस्पिटलातून बाहेर आल्यावर तो पार्किंगमध्ये मध्येच थांबला आणि म्हणाला, “मेधा, तुझ्या बांगड्या वाजतात?” मग छोट्या गाडीत रस्ताभर तो एकेक गोष्ट ऐकत राहिला. इंडिकेटर. पावसाचे थेंब. स्वतःच्या जॅकेटची चेन. ही चेन तर त्याने सात-आठ वेळा वर-खाली केली. अशा हळव्या अवस्थेत मी त्याला थेट गॅरेथकडे नेलं, गाडीच्या मागे उभं केलं, दोन्ही खांद्यांना धरलं, आणि खूण केली.

गॅरेथने किल्ली फिरवली.

मिलिंद जागच्या जागी उडाला. त्याने दोन्ही हातांनी कान झाकले, त्यामुळे मशीनं शिट्टी वाजवायला लागली, त्यामुळे तो आणखी घाबरला. “बंद करा! बंद करा! हे काय आहे? कोणी बसवलं हे?”

“मी,” मी म्हटलं.

“तू? का?”

“तुला आवडला होता.”

“असा वाजत होता हा?” त्याने विचारलं. “आणि तुम्ही सगळे इथे उभे होतात? पळून नाही गेलात?”

गॅरेथ शेडच्या भिंतीला टेकून हसत होता. त्याने पुन्हा दुसरा डबा लावला, ईशाला आवडलेला. मिलिंदने मान तिरकी करून ऐकला. बराच वेळ ऐकला. “ह्यात आहे की गिरणी,” तो शेवटी म्हणाला. “लांबून येते तशी. शाळेत यायची तशी.” आणि दुसरा ठरला. तिसऱ्या डब्यासाठी दुसरा मालक अजून मिळालेला नाही. तो आमच्या शेडमध्ये आहे. कोणी विचारलं, एवढा दणदणाट करणारा सायलेन्सर तुमच्याकडे कोणी आणला, तर मिलिंद शांतपणे माझ्याकडे बोट दाखवतो.

एक फॉर्म तेवढा राहिला होता. मशीन दिल्यावर प्रत्येक पेशंटचा एक फॉर्म आम्ही भरून ठेवतो. तो काही वर्षांपूर्वी मीच तयार केला आहे. त्यात प्रश्न आहे: ‘ऐकू कमी येतं, हे सर्वप्रथम कोणाच्या लक्षात आलं?’ पुढे चौकोन आहेत. पहिला पती किंवा पत्नीचा, कारण माझ्या अनुभवाप्रमाणे बहुतेक वेळा त्यांनाच आधी कळतं. मग मुलं, मित्र, डॉक्टर. सगळ्यात शेवटी ‘इतर, कृपया स्पष्ट करा’ आणि टीचभर रेघ.

रियन पेन धरून बसली होती. “पहिल्यावर खूण करू ना?”

“शेवटच्यावर कर,” मी म्हटलं. “आणि लिही, सायलेन्सर बसवणारा.”

तिने लिहिलं. टीचभर रेघेवर ते मावेना, म्हणून कडेने वर वळवून लिहिलं. मग तिने माझ्याकडे बघितलं. बिचारी माझा फार मान ठेवते, तरी तिला राहवलं नाही. “आणि तुम्ही कुठे होतात?”

“शेजारीच होते,” मी म्हटलं. “बोलत होते.”